यादीत नाव कसं येतं? संगणकी खेळांतले आकडे आणि ते भरणारी माणसं

(कोराडी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज विषय जरा पोरकट वाटेल असा आहे. पण कोराडीत उभं राहून तो बोलायला एक कारण आहे. इथून खापरखेड्याकडे गेलं की वलनीची कोळसा खाण आहे. त्या खाण कामगारांच्या वसाहतीत उमेश यादव वाढला, हे तुम्हाला मी सांगायला नको. २००८ पर्यंत टेनिस बॉलवर खेळणारा पोरगा, त्याच वर्षी विदर्भाकडून रणजीत उतरला, २०१० मध्ये आयपीएल आणि भारताचा एकदिवसीय संघ, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू तो. सी. के. नायुडू नागपूरचे, १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार, ते आपले खरेच. पण विदर्भाचा संघ म्हणून रणजी सुरू झालं १९५७-५८ ला, आणि तिथून कसोटीपर्यंत पोचायला पन्नासाहून जास्त वर्षं गेली.

तर माझा प्रश्न साधा आहे. हा उमेश यादव संगणकातल्या क्रिकेटमध्ये कधी आला, आणि त्याला तिथे कुणी आणलं?

आपल्याकडे घरोघरी, सायबर कॅफेत, हॉस्टेलवर जो खेळ चालायचा तो म्हणजे ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’. तो बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. म्हणजे आपल्या पोराने लेदर बॉल हातात घेण्याच्याही आधी. त्यानंतर ईएने क्रिकेटचा पुढचा खेळ काढलाच नाही. ०७ हा त्या मालिकेतला शेवटचा. मग ज्या खेळाच्या मूळ सीडीत उमेश यादव असणंच शक्य नाही, त्यात तो २०१०-११ च्या सुमाराला धावत येऊन चेंडू टाकत होता. कंपनीने नाही आणला. कुठल्या तरी पोराने, कुठल्या तरी रात्री, बसून भरला.

त्या पोराचा इतिहास आज सांगायचाय. त्याला नाव नाही, म्हणून त्याच्या कामाचा सांगू.

थोडं मागे जाऊ. ज्यांना मॅनेजर गेम म्हणतात, म्हणजे ज्यात तुम्ही स्वतः चेंडू मारत नाही, संघ निवडता, खेळाडू विकत घेता आणि निकालाची वाट बघत नखं खाता, त्यांची सुरुवात इंग्लंडातली. १९८२ मध्ये केव्हिन टॉम्स यांनी ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा खेळ काढला. तो बेसिक भाषेत लिहिलेला होता. बेसिकची गंमत अशी की प्रोग्रॅम उघडला की ओळी वाचता येतात. थोडंफार प्रोग्रॅमिंग येणारा कुणीही आत शिरून नावं बदलू शकत होता. तेव्हा खेळात लुडबूड करण्याची सवय या खेळांइतकीच जुनी आहे.

मग १९९२ मध्ये पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोघा भावांनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीतले खेळाडू काल्पनिक होते, नावं संगणकाने जुळवलेली. पुढच्या आवृत्तीत खरी नावं आली आणि खेळ कुठल्या कुठे गेला. का? आकडेमोड तर तीच होती. पण माणसाला आपला खेळाडू आपल्या संघात हवा असतो. एखाद्या अनोळखी नावाला कौशल्याचे २० पैकी १८ गुण मिळाले म्हणून कुणी रात्र जागवत नाही.

क्रिकेटमध्ये असा खेळ १९९८ मध्ये आला, ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’. त्याचा जीव इंग्लिश कौंटीत. आपल्याकडे तो थोड्यांनाच माहीत होता, आणि त्यात विदर्भ शोधायला जाऊ नका.

पण मंडळी, या कामाची मुळं फक्त इंग्लंडात शोधणं मला पटत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत पुस्तकाचं क्रिकेट खेळलंय? हात वर करा... बघा. पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. आता खरं सांगा, नुसतं पान उघडत होता का? नाही. वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं असायची. गावसकर, वेंगसरकर, नंतर तेंडुलकर. प्रत्येकाच्या धावा, सरासरी, मालिकेचा तक्ता. काही शहाणे तर गोलंदाजाला पान उघडू द्यायचे नाहीत, कारण त्याची सरासरी बिघडायची! मग ट्रम्प कार्डं आली, पत्त्यावर फोटो आणि खाली आकडे. खेळाडू म्हणजे आकड्यांचा एक संच, हे आपल्याला संगणकाने शिकवलेलं नाही.

आणि त्याच्याही मागे उभा आहे गुणलेखक. मैदानाच्या कडेला टेबल टाकून, पेन्सिलीने प्रत्येक चेंडूचा टिंब काढणारा. मुंबईत आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्यांनी आकड्यांच्या हौसेपायी आयुष्य वेचलं. एक उदाहरण देतो. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२, म्हणजे फक्त नऊ धावा कमी. आणि काठियावाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवायला नकार दिला! सामना तिथेच संपला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. ना त्यांचं चित्रीकरण, ना दूरदर्शन. आज आपण त्यांचं नाव घेतो ते कशाच्या जोरावर? त्या दिवशी कुणी तरी ४४३ हा आकडा नीट लिहून ठेवला म्हणून. तो माणूस तिथे हजर होता, एवढंच. पुढच्या गोष्टीसाठी हे ‘हजर असणं’ लक्षात ठेवा.

१९९३ मध्ये क्रिकइन्फो सुरू झालं तेही असंच. परदेशी विद्यापीठांत शिकणारी, क्रिकेटला आसुसलेली मुलं, त्यात भारतीय पुष्कळ. त्यांनी धावफलक हाताने टाइप केले, जुने सुद्धा. पगार नाही. पुढे २००७ मध्ये ते ईएसपीएनने विकत घेतलं. हौशी माणसाने गोळा केलेल्या आकड्यांना बाजारात किंमत येते, हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

आता ‘क्रिकेट ०७’ वर येतो. इथे जरा थांबणार आहे.

या खेळात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे परवाने कंपनीकडे होते. बाकीच्यांचे नव्हते. त्यामुळे आपल्या संघात खेळाडू ओळखू यायचे, पण नावं मोडतोड केलेली. सचिनसारखा उभा राहणारा, सचिनसारखा खेळणारा, आणि वर नाव भलतंच. शंभर कोटींच्या क्रिकेटवेड्या देशाला असा संघ देणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरण न वाढण्यासारखं झालं. भारतातल्या पोरांनी एडिटर उघडला तो या रागातून, नंतर बाकी सगळं.

काम कसं चालायचं? खेळाडूंची यादी, म्हणजे रोस्टर, आरओएस नावाच्या फाइलमध्ये असायची, ‘माय डॉक्युमेंट्स’मधल्या खेळाच्या फोल्डरमध्ये. ती बदलायला हौशी लोकांनीच छोटे प्रोग्रॅम लिहिले. नाव, बॅट कुठल्या हाताने, गोलंदाजी जलद की फिरकी, चेहरा कुठला. कपडे, बॅटवरचे स्टिकर, चेहरे ही सगळी चित्रं ‘बिग’ नावाच्या गाठोड्यांत बांधलेली. गाठोडं सोडायचं, चित्र काढायचं, फोटोशॉपमध्ये रंगवायचं, परत बांधायचं. एक गाठ चुकली की खेळ सुरूच होत नाही.

जिथे तयार एडिटर नसायचा तिथे हेक्स एडिटर. फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबच लांब रांग. त्यात एखादं नाव बदलायचं तर नवीन नाव जुन्यापेक्षा लांब चालत नाही. इंग्रजीत यादव पाच अक्षरांचं, ते सात अक्षरांच्या जागी आरामात बसतं, उरलेल्या दोन जागी शून्य भरायचं. उलट केलं तर पुढची सगळी रांग दोन घरं सरकते आणि खेळ बंद पडतो. आपली लांबलचक दाक्षिणात्य नावं का कापली जायची ते आता कळलं? आणि हे सगळं कधी, तर महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते तेव्हा. इथे चिमण्या दिवसरात्र धूर सोडतायत, आणि पलीकडच्या तालुक्यात पोरगा फाइल सेव्ह होण्याआधी वीज जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेतोय! (हशा)

एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि या कामाला पूर आला. खेळ २००६ चा, त्यात आयपीएल नावालाही नाही. पोरांनी आठ संघ बसवले. जर्सी, लोगो, पडद्यावरची धावसंख्येची पट्टी हुबेहूब टीव्हीसारखी. लिलाव झाला की यादी बदलायची, दर वर्षी. कंपनीने सोडून दिलेला खेळ या पोरांनी पुढे कितीतरी वर्षं जिवंत ठेवला. उमेश यादव त्यात आला तो याच वाटेने. २०१० ला तो दिल्लीच्या संघात होता, तो टीव्हीवर दिसला, आणि दिसला म्हणून भरला गेला.

इथे माझी तक्रार सुरू होते. आजचं बोलणं खरं तर या एका मुद्द्यासाठी आहे.

कंपनीची यादी परवान्यावर चालायची. पोरांनी ती मक्तेदारी मोडली, फार मोठं काम. पण त्यांची यादी कशावर चालली? टीव्हीवर. जो पडद्यावर दिसला तो आला. वलनीचा पोरगा दिल्लीची जर्सी घातल्यावर दिसला. विदर्भाची जर्सी घालून वर्षभर टाकलेली षटकं कुणी पाहिली होती? फैज फजल घ्या. विदर्भाचा खांब. भारताकडून एकच एकदिवसीय सामना, २०१६ मध्ये झिम्बाब्वेत, त्यात नाबाद ५५. अशा खेळाडूला गुण द्यायचे तर एडिटरवर बसलेल्या कोलकात्याच्या किंवा कराचीच्या पोराने ते कशावरून द्यावेत? अंदाजाने. आणि अंदाज नेहमी ‘मधला आकडा’ असतो.

मग रणजीचा २०१७-१८ चा मोसम बघा. विदर्भ पहिल्यांदा अंतिम सामन्यात. इंदूर, समोर दिल्ली. रजनीश गुरबाणीची अंतिम सामन्यात हॅटट्रिक, डावात ५९ धावांत ६ बळी. अक्षय वाडकरच्या १३३. विदर्भ ५४७, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून विजय. पुढच्या वर्षी पुन्हा, नागपुरातच सौराष्ट्राला हरवून. कुठल्याही यादीवरून हा निकाल आधी सांगता आला असता का? मला नाही वाटत. कारण यादीत विदर्भ म्हणजे मधल्या आकड्यांचा संघ. जामठ्याला रिकाम्या स्टँडमध्ये बसून जे चार लोक रणजी बघायचे, त्यांना कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आणि विचारणारी एक पद्धत जगात होती, ती फुटबॉलच्या मॅनेजर गेममध्ये. चॅम्पियनशिप मॅनेजर आणि नंतरचा फुटबॉल मॅनेजर यांनी चाहत्यांनाच कामाला लावलं. प्रत्येक देशाचा एक मुख्य संशोधक, त्याच्या हाताखाली क्लबागणिक एकेक माणूस, जो त्या क्लबचे सामने प्रत्यक्ष बघतो. अशी हजाराहून जास्त माणसं. प्रत्येक खेळाडूला कौशल्यागणिक १ ते २० गुण. शिवाय दोन मोठे आकडे, २०० पैकी: एक आज काय आहे त्याचा, दुसरा पुढे काय होऊ शकेल त्याचा. कोवळ्या पोराबद्दल खात्री नसेल तर दुसऱ्या आकड्याच्या जागी उणे चिन्ह लावून एक पट्टा द्यायचा. मग दर नव्या खेळात त्याचं भविष्य वेगळं निघतं. मला ही उणे चिन्हाची युक्ती फार आवडते. माहिती नसल्याची कबुली फाइलमध्येच लिहायची सोय आहे, मधला आकडा ठोकून द्यायची गरज नाही.

या आकड्यांची किंमत किती? २००३ मध्ये खेळ बनवणारे स्पोर्ट्स इंटरॲक्टिव्ह आणि प्रकाशक आयडॉस यांची फारकत झाली. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हे गाजलेलं नाव प्रकाशकाकडे गेलं. बनवणाऱ्यांकडे राहिला प्रोग्रॅम आणि डेटा. त्यांनी फुटबॉल मॅनेजर हे नाव घेऊन नवी सुरुवात केली आणि गिऱ्हाईक त्यांच्या मागे गेलं. नावाची पाटी हरली, वही जिंकली. २००८ मध्ये तर एव्हर्टन या खऱ्या इंग्लिश क्लबने खेळाडू शोधायला हा डेटा वापरण्याचा करार केला.

या पद्धतीत खोट नाही असं नाही. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१-०२’ मध्ये पोर्तुगालच्या गौव्हेया नावाच्या लहानशा क्लबचा टो मदेरा नावाचा भन्नाट गोलंदाज... माफ करा, आघाडीवीर होता. (हशा) क्रिकेटची सवय. तर जगभरच्या पोरांनी त्याला विकत घेतलं, त्याने गोलांचा पाऊस पाडला. आणि असा कुणी खेळाडू नव्हताच! डेटा भरणाऱ्याने घुसवलेला. नंतरच्या दुरुस्तीत तो काढून टाकला. स्थानिक माणसावर विश्वास टाकला की हा धोका येतोच. पण मी हा धोका पत्करायला तयार आहे. लांबच्या माणसाने खरा खेळाडू गाळला तर कुणाला पत्ताच लागत नाही, खोटा घातला तर निदान बोभाटा होतो.

भारतीय फुटबॉलचा डेटाही या खेळात आहे. पण तो लीगच्या क्लबांपर्यंत. पलीकडच्या कामठीत फुटबॉल किती जुना आहे, तुम्ही जाणता. तिथल्या मैदानावरचा पोरगा मोठ्या क्लबात गेल्याशिवाय त्या वहीत येत नाही.

क्रिकेटने हे जरा उशिरा केलं. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओने ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ काढताना परवाने नसल्याची अडचण उघडपणे चाहत्यांवर सोपवली. खेळ एप्रिल २०१४ ला आला, पण खेळाडू घडवायचा एडिटर, क्रिकेट अकॅडमी, २०१३ मध्येच लोकांच्या हाती दिला. खेळ विकायला येईपर्यंत चाहत्यांनी संघ भरून ठेवले होते. हुशारी म्हणा, फुकटची वेठबिगारी म्हणा. मला दोन्ही वाटतं.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न इथे दिले आहेत.

प्रश्न: सर, ही चोरी नाही का? खेळाडूचं नाव, आकडे त्याचेच ना?

उत्तर: वेगवेगळं करून बघा. पायरेटेड सीडी, संघाचा लोगो, कंपनीचा प्रोग्रॅम, तिथे हक्क कंपनीचा किंवा संघाचा आहे, त्यात वाद नको. पण ‘अमुक गोलंदाजाने ५९ धावांत ६ बळी घेतले’ ही घटना आहे. घटना कुणाच्या मालकीची नसते. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर असाच वाद आला होता, खेळाडूंची नावं, चित्रं आणि आकडे वापरणाऱ्या डिजिटल पत्त्यांवरून. न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. सर्वांना उपलब्ध असलेली माहिती वापरणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असा त्याचा कल होता. आपल्या वहीवाल्या पोरांना ही बाजू सोयीची आहे. मात्र ‘वेग २० पैकी १७’ ही घटना नाही, ते मत आहे. ते मत ज्याने बनवलं त्याचं श्रेय मात्र कुणी देत नाही.

प्रश्न: ती जुनी रोस्टर आज बघायला मिळतात का?

उत्तर: थोडी. बहुतेक पोरं फाइल रॅपिडशेअर किंवा मेगाअपलोडवर ठेवायची. मेगाअपलोड जानेवारी २०१२ मध्ये बंद पाडलं गेलं, रॅपिडशेअर मार्च २०१५ ला संपलं. दुवे आहेत, मागे काही नाही. उरलंय ते घराघरांतल्या जुन्या हार्डडिस्कवर आणि सीडीवर. तुमच्यापैकी कुणाकडे ‘क्रिकेट ०७’ चा जुना संगणक पडून असेल, तर भंगारात देण्याआधी डॉक्युमेंट्समध्ये आरओएस फाइल शोधा आणि तशीच दुसरीकडे उतरवून ठेवा. खेळ सुरू करून बघू नका, कारण सेव्ह झालं की तारीख बदलते. आणि शक्य असेल तर सोबत एक चिठ्ठी ठेवा: कुणी भरली, कुठे बसून, आणि त्यातले कुठले खेळाडू त्याने मैदानावर जाऊन पाहिले होते.